बुडणारी बाई हाक मारत नाही

'कपडे धुताना पाय घसरून विवाहितेचा मृत्यू.' चार ओळींची बातमी, आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीशेजारी. कधी तिच्यात दोघी असतात, कधी तिघी. मायलेकी, जावा-जावा, नाहीतर सुट्टीत मामाकडे आलेल्या बहिणी. एकीला वाचवायला दुसरी गेली, दुसरीला वाचवायला तिसरी.

आपण चळवळीतल्या बायका अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारतो, पडली की ढकलली? तो विचारायलाच हवा. 'विहीर जवळ केली' असं ज्या भाषेत सहज बोललं जातं, तिथे 'पाय घसरला' या दोन शब्दांवर कोण डोळे मिटून विश्वास ठेवेल? १९८३ च्या दुरुस्तीने लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन आवश्यक ठरलं. ती तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. ती आपण धरूनच ठेवली पाहिजे.

पण चौकशी होते, खरोखरच पाय घसरला होता असं निघतं, आणि आपण कागद मिटून ठेवतो. 'अपघात होता' म्हणजे आपला विषय संपला. माझा आक्षेप आहे तो इथे. ती त्या निसरड्या दगडावर का होती? पाण्यात पडलेल्या धडधाकट तरुण बाईला हात-पाय मारता का येऊ नयेत? काठावर चार जणी असून एकीलाही काय करायचं हे ठाऊक का नव्हतं? यातला एकही प्रश्न नशिबाचा नाही.

बैठकीत हा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, ताई, बुडून मरणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून गेली, त्यांत पुरुष कितीतरी जास्त. पण बरेच पुरुष पोहायला, मासेमारीला, कधी पैजेने, कधी पिऊन पाण्यात उतरतात. बाई उतरते ती घागर भरायला, गोधड्या धुवायला, म्हैस बाहेर काढायला, नाहीतर पोर पडलं म्हणून. आणि संकट सगळ्यांवर एकदम आलं की आकडे उलटतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने काढलेल्या अहवालात तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायका गेल्याची नोंद आहे. बायका किनाऱ्यावर मासळी उतरून घ्यायला थांबलेल्या, अंगावर लुगडी, कडेवर पोरं, आणि पोहणं किंवा झाडावर चढणं कोणी कधी शिकवलेलंच नाही.

आता बुडण्याविषयी. सिनेमात बुडणारा माणूस हात उंच करून 'वाचवा, वाचवा' ओरडतो. तसं ओरडणारी बाई संकटात असतेच, पण तिच्याजवळ अजून श्वास असतो, दोर टाकला तर ती पकडू शकते. खरं बुडणं त्याच्या पुढचं, आणि ते मुकं असतं. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या दशकात हे नीट पाहून मांडून ठेवलं. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, क्षणभर वर येतं, पुन्हा खाली जातं. तेवढ्यात श्वास सोडायचा आणि घ्यायचा असतो, त्यात हाक बसत नाही. डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला सारायला हात मोकळा नाही. दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, न दिसणारी शिडी चढावी तसे. शरीर उभं, पाय जवळजवळ हलत नाहीत. हे २० ते ६० सेकंद चालतं. मग ती खाली जाते.

म्हणून काठावरच्या बायकांना वाटतं, खेळतेय, डुंबतेय. मुलांच्या बाबतीत तर एकच खूण पुरे. पाण्यातली मुलं गोंगाट करतात. गोंगाट थांबला की वळून बघा. शंका आली तर नाव घेऊन विचारा, 'बरी आहेस ना?' उत्तर आलं नाही तर तुमच्या हातात अर्धा मिनिट आहे.

त्या अर्ध्या मिनिटात आपण करतो ते नेमकं चुकीचं. उडी मारतो. 'बहीण बुडत असताना काठावर कशी उभी राहू?' हे मी कितीदा तरी ऐकलंय, आणि त्यामागची माया मला कळते. पण बुडणारी व्यक्ती हाताला लागेल त्याच्या खांद्यावर चढते. ती ठरवून तसं करत नाही, शरीर करतं. पोहता न येणारी दुसरी बाई तिच्यासकट खाली जाते. बातमीतल्या त्या तिघी अशाच गेलेल्या असतात. त्यागाच्या कौतुकावर वाढवलेल्या आपल्याला हे पटायला जड जातं, तरी सांगते, पाण्यात उतरू नका. मोठ्याने हाका मारून माणसं गोळा करा. काठावर पालथ्या पडून काठी, फांदी, वासा पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन, गाडीची हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेका. आणि काहीच नसेल तर अंगावरचं लुगडं आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूच्या पेरम्बलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार पोरं बुडत होती. काठावरच्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोन पोरं त्या धरून बाहेर आली, दोन हाती लागली नाहीत. राज्य सरकारने तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. मी ही हकीकत सांगते तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरते. सर्वांसमोर लुगडं सोडायचं? पाचवारीत साडेचार-पाच मीटरांचा भक्कम दोर असतो, आणि तो लाजेच्या गाठीने बांधलेला असतो. ती गाठ आधी बैठकीतच सोडायला हवी, पाण्याकाठी तेवढा वेळ मिळत नाही.

बाहेर काढल्यावरचा गोंधळ तर विचारू नका. कोणी पोट दाबतं, कोणी पाय धरून उलटं टांगतं, आणि अलीकडे मोबाइलवरचे निरोप वाचून मृतदेह मिठात पुरून ठेवणारेही निघाले आहेत. यातल्या कशानेही जीव परत येत नाही. पोट दाबलं तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. बुडालेल्याला हवी असते हवा. उताणं कडक जमिनीवर झोपवा, हनुवटी वर उचला, श्वास चालू नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने जोरात, भराभर ३० दाब, मग दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत थांबायचं नाही. एकीने हे करावं, दुसरीने १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आली, उठून बसली, तरी दवाखान्यात न्यायचंच, खोकला किंवा धाप असेल तर जास्तच. हे वाचून येत नाही, एकदा प्रत्यक्ष शिकावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तशी मागणी करा. आणि बायकांनीच शिकायचं याला कारण आहे. ओल्या कपड्यातल्या परक्या बाईच्या तोंडाला तोंड लावायला, छातीवर हात ठेवायला पुरुष कचरतात. त्यांच्या संकोचाची किंमत तिने का मोजावी?

लहान मुलांचं वेगळं. रांगतं-चालतं पोर बादलीतही बुडतं, ऊसतोडीच्या अड्ड्यावर पाण्याच्या पिंपात बुडतं. लगेच 'आईचं लक्ष कुठे होतं?' आईचं लक्ष कोयत्यावर होतं, चुलीवर होतं. बांगलादेशात पाहणी झाली तेव्हा दिसलं की लहानगी बहुतेक सकाळच्या वेळी बुडतात, आया कामात असतात तेव्हा. तिथे गावोगाव सकाळची पाळणाघरं काढली आणि तिथे येणाऱ्या मुलांचं बुडणं खूप घटलं. जागतिक आरोग्य संघटनाही आता पाळणाघराची शिफारस करते. आपण पाळणाघर मागतो ते बाईच्या रोजगारासाठी. ते पोराच्या जिवासाठीही आहे, हे मागणीपत्रात लिहा. अंगणवाडी तीन वर्षांपुढची, धोका त्याआधीपासूनचा.

आणि पोहणं. आमच्या भागात मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की काका-मामा पाठीला भोपळा नाहीतर कॅन बांधून त्याला विहिरीत ढकलतात. चार दिवसांत पोर सूर मारायला लागतं. त्याच वयाच्या बहिणीला काठावर त्याचे कपडे सांभाळायला बसवतात. खास पोशाख लागत नाही, सलवार-कमीज चालते. लागते ती पोहणारी एखादी बाई, दुपारची वेळ आणि दोन तास विहीर मोकळी सोडणारं गाव. चॅम्पियन कोणाला करायचंय? पाठीवर पडून तरंगता आलं, दहा-पंधरा हात काठाकडे सरकता आलं, तरी पुष्कळ.

शेततळ्यांबद्दल मात्र पोहण्यावर विसंबू नका. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ती गावोगाव झाली. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर शेवाळ धरतं आणि पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडायचे, किंवा टायर बांधून शिडी करायची, भोवती कुंपण घालायचं. खर्च किती? तळ्याच्या कागदाच्या मानाने काहीच नाही. ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, 'बायकांनी तिकडे जाऊच नये.' मग तिथली मोटर चालू-बंद कोण करतं, हे त्यांना विचारल्यावर ते बसले.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने आपल्या गावचे पाणवठे एकदा फिरून पाहावेत. विहिरीला कठडा आहे का, धुण्याच्या जागी पायऱ्या आहेत का, काठावर दोर आणि ट्यूब टांगलेली आहे का, गावात पोहता येणाऱ्या बायका किती. गेल्या पाच वर्षांत कोण कोण बुडालं, त्या वेळी ती काय काम करत होती, पंचनाम्यात काय लिहिलं, तेही विचारून घ्या. एका पोस्टकार्डात मावेल एवढंच लिहिलंत तरी चालेल.