चिखलातले टायर आणि आपला खोडवा

परतीचा पाऊस लांबला, की चिबड रानात तोडीला आलेला ट्रॅक्टर हमखास रुततो. मग पारावर एकच चर्चा : टायर कुठला घ्यावा?

सभासद बंधूंनो, आर-२ म्हणतात तो खोल दात्यांचा टायर भात-उसाच्या ओल्या रानासाठीच काढलेला आहे. साध्या आर-१ पेक्षा तो चिखल चांगला धरतो. पण डांबरी सडकेवर लवकर झिजतो, आणि कारखान्याची वाट तर सडकेचीच! काहीजण टायरात पाणी भरून वजन वाढवतात. कोरड्या रानात ते ठीक. चिखलात चाक उलट आणखी खाली जाते.

पण आमच्या मते खरी गोम ट्रॉलीत आहे. रानात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात १२ ते १५ पौंड हवा असते. ट्रॉलीच्या अरुंद टायरात त्याच्या कितीतरी पट. टायरात जेवढी हवा, जवळजवळ तेवढाच दाब जमिनीवर. भारी टायराने ट्रॅक्टर निघतो हो, पण ट्रॉलीच्या चाकोरीत खोडव्याचे बुडखे चेंगरतात, माती आवळते, पाणी तुंबते. हे नुकसान वाहतूकदाराचे नव्हे, आपले!

म्हणून आमचे म्हणणे असे, की वाफसा येईपर्यंत ओल्या रानाची पाळी मागे ठेवावी. तोड करावीच लागली, तर ट्रॉली बांधाबाहेर उभी करून मोळ्या डोक्यावर आणाव्यात, आणि त्या जादा कष्टाची मजुरी टोळीला वेगळी द्यावी. सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत जरूर काढावा.