कार्डावर पहिली, ताटावर शेवटची

८ मार्च जवळ आला की नाशिकच्या कामगार वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरांची रांग लागते. कारखाने शिबिरं घेतात, बँका घेतात, निवडणुकीवर डोळा ठेवून पुढारीही घेतात. बायकांचं वजन होतं, बोट टोचून रक्त तपासलं जातं आणि मग व्याख्यान. त्याचा मजकूर ठरलेला असतो. भगिनींनो, पालेभाज्या खा, फळं खा, रोज अर्धा तास चाला, आपलं आरोग्य आपल्याच हाती आहे. जाता जाता एक टोमणाही मिळतो, की तुम्ही बायका स्वतःकडे लक्षच देत नाही.

सल्ला बरोबर आहे. माझं भांडण आहे ते त्या टोमण्याशी. त्यातून बाईचा अशक्तपणा हा तिचाच निष्काळजीपणा ठरतो आणि तिच्या ताटावर, वेळेवर, शरीरावर ज्यांची सत्ता चालते ते सगळे नामानिराळे राहतात.

आधी ताटाचं पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रात आधीच्या पाहणीत ४८ टक्के बायका रक्तक्षयाच्या होत्या, त्या ५४ टक्क्यांवर गेल्या. पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, म्हणून बाईला लोह जास्त लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. आता घरातली पंगत आठवा. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई आणि सगळ्यात शेवटी ती. मटण केलं तर तिच्या वाट्याला रस्सा, भाजी संपली तर मिरचीचा ठेचा, भाताची खरवड आणि कालची भाकरी. जिला जास्त हवं तिलाच उरलंसुरलं. वर चतुर्थी, एकादशी, नवरात्र. उपासाला साबुदाणा, ज्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. या सोसण्याचं घरोघर कौतुक होतं आणि शिबिरात त्याचंच नाव निष्काळजीपणा पडतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ बाईचं नाव घातलं. चांगलं झालं. पण कार्डावर पहिली आलेली बाई ताटावर शेवटचीच राहिली. हे काम कायद्याने होणारं नव्हतं. ते आपल्याच घरात करायचं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी. सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात असं दिसलं, की बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. म्हणजे बाई रोज पाच तास घरासाठी झिजते आणि तिला विचारलं जातं, स्वतःसाठी अर्धा तास का काढत नाहीस? हा प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारायला हवा. त्याने रोज फक्त तीस मिनिटांचं घरकाम उचललं तर आठवड्याला २१० मिनिटं मोकळी होतात. त्यात तिचं चालणं होईल, वर तासभर निवांत बसणंही होईल.

काही जण म्हणतात, बायकांना वेगळा व्यायाम कशाला, कामातच होतो की. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणाऱ्या मजूर बायांना विचारा. मांडवाखाली हात वर करून, मान मागे टाकून दिवसभर डिपिंग आणि थिनिंग करायचं. संध्याकाळी खांदे भरून येतात, मान वळत नाही आणि चूल पेटवायची बाकीच असते. ही झीज आहे. व्यायाम आपल्या मर्जीने, आपल्या शरीरासाठी, पोटभर खाऊन आणि विश्रांती घेऊन करायचा असतो.

आता थोडं आपल्यातल्यांशी. मैत्रिणींनो, आपल्या बैठकांत ऐकू येतं, की आहार-व्यायाम हे गंगापूर रोडच्या बायांचं खूळ, आपण व्यवस्था बदलण्याचं बोलू. मला हे पटत नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या निघाल्या. मी काम करते त्या वस्तीत रक्त कमी आणि साखर जास्त अशा बाया आहेत. सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-पाव, घाईत वडापाव. हिला 'क्रांतीनंतर बघू' म्हणणं हीसुद्धा उपेक्षाच. आणि 'आपलं आरोग्य आपल्या हाती' हे तत्त्व मुळात आपल्याच चळवळीचं आहे. राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायांनी मिळून घडवलेलं 'शरीर की जानकारी' हे पुस्तक १९८९ मध्ये 'काली फॉर विमेन'ने काढलं. बाईला आपल्या शरीराची माहिती असावी आणि त्याबद्दलचे निर्णय तिचे असावेत, हा त्याचा अर्थ होता. आज तेच वाक्य फलकावर लिहून आपल्याला दटावायला वापरलं जातं. ते परत घेऊया.

म्हणून पुढच्या बैठकीत हे विषय घ्या. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तो तास-दीड तासाने घ्या. पालेभाजीवर, मोडाच्या कडधान्यावर लिंबू पिळा. नागलीत कॅल्शियम भरपूर असतं, आणि ती आपल्याच पेठ-सुरगाण्यात पिकते. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, तर रेशनवर गहू-तांदळासोबत नागली, बाजरी मागा. गोल्फ क्लब मैदानाला फेऱ्या मारायला सातपूर-अंबडच्या बाईने रिक्षाचं भाडं का भरावं? वस्तीतच मैदान, दिवे आणि स्वच्छ संडास मिळावा म्हणून महापालिकेकडे मोर्चा न्या. तोवर दहा-दहा जणींनी मिळून चाला. एकटी चालली तर लोक बोलतात, दहा जणी चालल्या तर वाट देतात.

आणि घरी सगळ्यांनी एकाच वेळी, एकत्र जेवायला बसा. भाजी पातेल्यात असतानाच सारखे वाटे करा. यावरून भांडण होईल. होऊ द्या. जबाबदारी घ्यायला आपण केव्हाही तयार आहोत, पण ती पार पाडायला ताट, वेळ आणि वाट आपल्या ताब्यात हवी. ती मागताना गप्प बसायचं नाही.