नेहमीचा खोकला

गेल्या डिसेंबरात माझी मुलगी आपल्या चार वर्षांच्या कन्येला घेऊन टोरोंटोहून महिनाभरासाठी घरी आली. तिसऱ्या दिवशी नात खोकू लागली. पाचव्या दिवशी रात्री तिची छाती वाजू लागली आणि मला दवाखान्यातला नेब्युलायझर घरी आणावा लागला. मध्यरात्री मुलीने मला विचारले, "बाबा, तुम्ही हे वर्षानुवर्षे कसे सहन करता?" माझे उत्तर तयारच होते. अशा प्रश्नाला आपण सारे जे देतो तेच. इथे आपली माणसे आहेत, हाकेला धावून येणारे शेजारी आहेत, सणवार आहेत, आजारपणात डबा घेऊन येणारी मावशी आहे. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी माणसांबद्दल विचारले नव्हते, बाबा. हवेबद्दल विचारले होते."

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण बहुधा अभिमानाचे लिहितो. अमळनेर, शिरपूर, साक्री, नंदुरबारकडची आपली माणसे तापी लाईनच्या गाडीने उधन्याला कशी उतरली, मागावर उभी राहून त्यांनी पोरे कशी शिकवली, त्यांतली काही डॉक्टर कशी झाली, हे मीही याच उत्साहाने लिहिले आहे. त्यात खोटे काही नाही. पण या वेळी नाण्याची दुसरी बाजू मांडण्याची परवानगी सुज्ञ वाचकांनी मला द्यावी. आपल्या देशातले रोजचे जगणे कोठे कोठे जाचते आणि त्या जाचाशी आपण डॉक्टरांनी कशी तडजोड केली आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम हवेविषयी. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याच्या व छपाईच्या गिरण्यांना वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सायंकाळपर्यंत काळी बारीक कणी जमते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चादर झटकता येते, फुप्फुस झटकता येत नाही. मूल जन्मते तेव्हा त्याच्या फुप्फुसातील वायुकोशांची वाढ पूर्ण झालेली नसते, ती पुढे काही वर्षे चालू राहते. शिवाय वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा अधिक हवा आत घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशाचे अधिकृत मानक ४० आहे. म्हणजे ज्या हवेला आपण कागदोपत्री 'योग्य' म्हणतो, तीही आठपट सैल मापाने मोजलेली असते.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. महिन्यातली तिसरी खेप. मी काही विचारण्याआधीच ती अहिराणीत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आठे तं सगळा पोऱ्यासले खोकला ऱ्हास." मी मान डोलावली आणि केसपेपरवर लिहिले, 'नेहमीचा खोकला.' नातीच्या आजारपणानंतर मी जुने केसपेपर काढून पाहिले, तेव्हा हे दोन शब्द माझ्याच अक्षरात कितीतरी ठिकाणी आढळले. वैद्यकशास्त्रात 'नेहमीचा खोकला' नावाचा आजार नाही. माझ्या नातीला खोकला झाला तेव्हा मी कारण शोधले, परगावच्या सहकाऱ्याला फोन केला, खोलीच्या खिडक्या बंद करून घेतल्या. त्या मुलाला झाला तेव्हा त्याला 'नेहमीचा' म्हटले. दोघांच्या फुप्फुसांत फरक नव्हता, फरक माझ्या अपेक्षेत होता. एकीसाठी मी निरोगी बालपण गृहीत धरले होते, दुसऱ्यासाठी खोकला.

माझ्या मते आपल्या रोजच्या जगण्यातला खरा दोष गैरसोयीत नाही, या सवयीत आहे. सवय एकदा जडली की दुखण्याची तक्रारही बंद होते, आणि तक्रार बंद झालेला रुग्ण बरा झाला असे कोणताही जाणता वैद्य मानत नाही.

आवाजाचे घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, रुग्णालयाभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र. माझ्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर नवजात बालके असतात. लग्नसराईत खालून डीजेची गाडी जाते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात आणि नुकतीच झोपलेली बाळे दचकून हातपाय ताणतात. मी दोनदा खाली जाऊन हात जोडले. तिसऱ्यांदा गेलो नाही, कारण त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याची वरात होती आणि तिच्यापुढे मी स्वतः नाचलो होतो. ती वरातही कोणाच्या तरी दवाखान्यावरून गेलीच असेल.

कागदपत्रांचा जाच सुशिक्षितांना जाणवत नाही, कारण आपली कामे कोणीतरी करून देतो. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाचे आडनाव पाटील. मुलाच्या जन्मदाखल्यावर ते रोमन लिपीत एका अक्षराच्या चुकीने पटेल झाले. आधारकार्डावर पाटील राहिले. पुढे मुलाला हर्नियाची शस्त्रक्रिया सांगितली गेली, तेव्हा सरकारी योजनेचे कार्ड असूनही दोन कागद जुळेनात. वडील बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. खाडा म्हणजे मजुरी बुडाली. दुरुस्तीसाठी त्यांचे पाच खाडे झाले. शस्त्रक्रिया झाली, मूल उत्तम आहे, पण त्या पाच दिवसांची नोंद कोणत्याही केसपेपरवर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने, त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून अनेक कामांचा मूळ पुरावा ठरला आहे. अशा वेळी त्यातले एक अक्षर चुकणे ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. आणि ते अक्षर पुष्कळदा पहिल्यांदा चुकते ते आपल्याच प्रसूतिगृहांत, आपल्याच घाईच्या हस्ताक्षरात.

बाकीच्या गोष्टी वाचकांना ठाऊकच आहेत. पावसाळ्यात खाडीला येणारा पूर, जो जून २०२५ मध्ये पुन्हा अनेक वस्त्यांत शिरला आणि मागे जुलाब, कावीळ यांची धास्ती ठेवून गेला. चिठ्ठीवाचून मिळणारी अँटिबायोटिक औषधे. स्कूटरवर आईवडिलांच्या मध्ये दाबून बसवलेली दोन मुले. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि सुरक्षापट्टा असावा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्या हेल्मेटसह माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलेले एकही मूल मला आठवत नाही.

हे सारे असे का चालते? सरकार, पालिका, राजकारणी यांना दोष देणे सोपे आहे आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. पण एक कारण आपल्या घरातच आहे. पाणी गढूळ आले तर आपण शुद्धीकरण यंत्र बसवले. वीज गेली तर इन्व्हर्टर आणला. हवा बिघडली तर शयनगृहात हवा गाळणारे यंत्र लावले. नातीच्या मुक्कामात मीही ते विकत आणले, हे लपवत नाही. प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत एक वेगळा देश वसवला आणि बाहेरच्या देशाचे नागरिकत्व हळूहळू सोडून दिले. ज्यांचा शब्द कार्यालयांत ऐकला जातो त्यांना त्रास उरला नाही, आणि ज्यांना त्रास उरला, त्यांचा शब्द कोणी ऐकत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला यंत्र परवडत नाही. त्याच्या वाट्याला सगळ्यांची हवा येते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की तिकडे तरी कोठे सारे सुखाचे आहे? खरेच नाही. मुलगी सांगते की तिकडे तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, हिवाळा घरात कोंडून घालतो आणि बाळंतपणात माहेरचे कोणी जवळ नसल्याचे दुःख तिने भोगले आहे. पण परक्याच्या घरी संधिवात आहे म्हणून आपल्या घरातला दमा बरा होत नाही. दुसरा आक्षेप असा की ही देशाची निंदा झाली. निदान म्हणजे निंदा नव्हे, हे निदान डॉक्टरांना तरी सांगावे लागू नये. ज्या रुग्णाविषयी आपल्याला ममत्व असते, त्याची तपासणी आपण अधिक काळजीने करतो.

आणि या शहराबद्दल निराश होण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची वार्ता पसरली तेव्हा मी निवासी डॉक्टर होतो. लाखो लोक सुरत सोडून गेले, आणि सांगताना संकोच वाटतो, पण अनेक खाजगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलूप लावून गेले. त्यानंतर १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत याच महापालिकेने रस्ते झाडायला, कचरा उचलायला आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्त्यांत पाठवायला सुरुवात केली. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. गिरण्यांच्या धुराचेही तसेच. २०१९ मध्ये सुरतेत कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी उत्सर्जन व्यापाराची योजना सुरू झाली. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली, एकूण धुराची मर्यादा ठरली, आणि कमी धूर सोडणाऱ्याला उरलेला परवाना दुसऱ्याला विकता येऊ लागला. तीनशेहून अधिक कारखान्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत असलेल्या कारखान्यांचे कण-उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले होते. चादरीवरची कणी अजून संपलेली नाही, पण धूर ही दैवाची देणगी नसून मोजता येणारी आणि कमी करता येणारी गोष्ट आहे, एवढे सिद्ध झाले.

आपल्या व्यवसायातला दाखला तर याहून जवळचा आहे. पोलिओने लुळे पडलेले पाय एके काळी 'नेहमीचे' होते. आपल्यापैकी कित्येकांनी रविवारी बूथवर बसून थेंब पाजले आहेत. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. 'नेहमीचे' या शब्दावर आपण त्या वेळी विश्वास ठेवला नाही, म्हणून ते घडले.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी चार साध्या सूचना ठेवतो. एक, प्रत्येक दवाखान्याने श्वसनविकाराच्या बालरुग्णांची वस्ती आणि महिना यांनुसार नोंद ठेवावी. नाव नको, गल्ली पुरे. वर्षाअखेर ती एकत्र करून प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे आणि पालिकेपुढे ठेवावी. एका डॉक्टरची तक्रार कुरकुर ठरते, चाळीस डॉक्टरांची वही पुरावा ठरते. दोन, साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक न लिहिण्याचा निश्चय करावा आणि तो एकमेकांनी पाळावा, कारण रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल या भीतीनेच आपण पुष्कळदा ते लिहितो. तीन, प्रसूतिगृहात आईवडिलांची नावे आधारकार्ड समोर ठेवून, ठळक अक्षरांत लिहावीत आणि त्यांना दाखवून मगच पुढे पाठवावीत. चार, संस्थेच्या कार्यक्रमात आणि आपापल्या घरच्या लग्नात डीजे नसावा. या चौथ्या कलमावर मतभेद होतील, हे मला ठाऊक आहे. माझ्याच घरात झाले आहेत.

नात महिनाअखेर परत गेली. आठवडाभरात मुलीचा फोन आला, खोकला थांबला होता. त्याच सोमवारी मागावर काम करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा चौथ्यांदा खोकत आला. वय तेच, चार वर्षे. छातीतला आवाजही तसाच. त्याला परत जायला दुसरा देश नाही. त्याच्या वाट्याचा देश हाच, आणि त्या देशात त्याचा डॉक्टर मी आहे. मी त्याची छाती पुन्हा नीट तपासली, आईला घरातली चूल, खिडकी आणि जवळचे धुराडे यांविषयी विचारले. केसपेपरवर सवयीचे दोन शब्द लिहायला गेलेला हात थांबवून त्या जागी त्याची गल्ली लिहिली. माझ्या वहीतली ती पहिली नोंद आहे.