दिवा हिरवा, गाव अंधारात!

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील पेटीत हिरवा दिवा लागला की शासनदरबारी ते गाव 'जोडले' गेले! २०११ साली केंद्र सरकारने गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिचे नाव 'भारतनेट' झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. या कोट्यवधींतून परभणी जिल्ह्यातील सोनपेठ, पालम, जिंतूरच्या खेड्यांत बहुजनांच्या लेकरांपर्यंत नेमके काय पोहोचते, हा आमचा सवाल आहे.

हिरवा दिवा एवढेच सांगतो की तारेतून प्रकाश येतो आहे. माहिती धड पोहोचते की नाही, हे तो सांगत नाही. फायबरमधून माहिती लहान लहान तुकड्यांत धावते. प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीचा आकडा असतो. पलीकडे तो जुळला नाही की तुकडा फेकला जातो आणि त्या पोर्टच्या खात्यावर एक चूक चढते. टोकाला धूळ बसली, खोदकामात तार वाकली, जोड कच्चा राहिला, की प्रकाश मंदावतो आणि चुका वाढतात. दिवा मात्र हिरवाच!

म्हणून चुकांचा नुसता एकूण आकडा पाहून भागत नाही. काल किती होता, आज किती वाढला, हे पाहावे लागते. चुका वाढल्या आणि प्रकाशही घटला, तर संशय तारेवर आणि जोडांवर जातो. प्रकाश ठीक असून चुका वाढल्या, तर यंत्र तपासावे लागते. ही मोजणी यंत्र स्वतःच करते. हवा आहे तो फक्त तिच्याकडे रोज पाहणारा आणि जाब देणारा माणूस.

असा जाब देणारा कोणी नसेल तर मरण कोणाचे? ज्याच्या घरी पैसा आहे तो शहरात जाऊन काम उरकतो. मजुराच्या मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र अर्ध्यावर अडकतो आणि मुदत निघून जाते. कागदोपत्री दोष तिचाच ठरतो, कारण तार तर 'चालू' होती!

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये विजेचा प्रश्न देशाच्या पुनर्रचनेशी जोडला होता. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज तोच आग्रह फायबरबाबत धरावा लागेल. ही खैरात नव्हे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम या कामाच्या निधीत जाते. तो महसूल म्हणजे तुमच्या-आमच्या मोबाईलचे पैसे!

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासनाने माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. त्याच न्यायाने परभणी जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पोर्टवरील चुका, प्रकाशाची तीव्रता आणि बंद राहिलेले तास दर आठवड्याला फलकावर लागले पाहिजेत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. त्याच संविधानाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. तिचा हिशेब मागण्याचे कामही चळवळीचेच आहे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हिरव्या दिव्याकडे बोट दाखवावे आणि चुकांची नोंदवही मागावी!