शस्त्रांचा हिशेब कोणी ठेवायचा?

२७ मार्च १९९६ रोजी मालीतील टिंबक्टू या प्राचीन नगरीत सुमारे तीन हजार बंदुकांची होळी करण्यात आली. उत्तरेकडील तुआरेग बंडखोरांशी समझोता झाला होता. त्यांनी खाली ठेवलेली शस्त्रे पुन्हा कोणाच्या हाती पडू नयेत, म्हणून अध्यक्ष अल्फा उमर कोनारे यांनी ती सर्वांसमक्ष अग्नीच्या स्वाधीन केली. या प्रसंगानंतर दोन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी, पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या ‘इकोवास’ या आर्थिक संघटनेने लहान शस्त्रांची आयात, निर्यात व उत्पादन यांवर स्थगिती जाहीर केली. पुढे २००६ साली स्थगितीची जागा कायदेशीर बंधन असलेल्या कराराने घेतली आणि २००९ पासून तो अमलात आला. इतके सारे होऊनही २०१२ साली त्याच टिंबक्टूचा ताबा सशस्त्र बंडखोरांनी घेतला. आणि जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर ही राष्ट्रे इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडली.

करार होता, संघटना होती, नेत्यांची इच्छाही होती. मग उणे काय पडले? लहान शस्त्रांच्या प्रश्नाचा विचार करताना कोणत्या प्रदेशात किती करार झाले, हे मोजण्याची प्रथा पडून गेली आहे. वस्तुतः मोजावयास हवी ती या करारांमागची प्रशासनाची ताकद.

टिकाऊ मालाचा प्रश्न

एकट्या माणसाला वाहून नेता व वापरता येतील अशी पिस्तुले, रायफली व हलक्या मशीनगन यांना लहान शस्त्रे म्हणतात. जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधनसंस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली जगात अशी शंभर कोटींहून अधिक शस्त्रे होती. त्यांपैकी सैन्यांकडे सुमारे १३ कोटी ३० लाख, पोलिसांकडे सुमारे २ कोटी ३० लाख, आणि नागरिकांच्या हाती तब्बल ८५ कोटी ७० लाख! म्हणजे दर शंभरांतील पंचाऐंशी शस्त्रे सरकारी कोठाराबाहेर आहेत.

धान्याचा व्यापार मोजताना वर्षाचे उत्पादन आणि वर्षाचा खप यांचा ताळा बहुधा पुरतो, कारण धान्य खाऊन संपते. बंदूक संपत नाही. नीट राखलेली रायफल चाळीस-पन्नास वर्षे चालते आणि एका युद्धातून दुसऱ्या युद्धात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. साहजिकच नव्या आयातीला बंदी घातली तरी जुना साठा फिरतच राहतो. इकोवासच्या स्थगितीचे दुबळेपण येथे होते. तिचे लक्ष मुख्यतः सीमेवरून येणाऱ्या नव्या मालावर होते. शिवाय मालीवर संकट आले ते त्या प्रदेशाबाहेरून. २०११ साली लिबियातील गडाफी राजवट कोसळली, शस्त्रागारे बेवारस झाली, आणि गडाफींच्या सैन्यात चाकरी केलेले तुआरेग शस्त्रांसह सहारा ओलांडून मालीत परतले. लिबिया इकोवासचा सदस्य नव्हता. करारांच्या सीमा आणि शस्त्रांच्या वाटा एक नसतात, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

एकट्यानेच खाली ठेवलेली बंदूक

दुसरा धडा पूर्व आफ्रिकेत मिळतो. एप्रिल २००४ मध्ये तेथील राष्ट्रांनी नैरोबी करारावर सह्या केल्या आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी नैरोबी येथे ‘रेक्सा’ हे प्रादेशिक केंद्र उभारले. या केंद्राने सदस्य देशांना सरकारी बंदुकांवर खुणेचे क्रमांक कोरण्याची यंत्रे पुरवली. हे काम वृत्तपत्रांच्या मथळ्यात येत नाही. पण सापडलेली बंदूक कोणत्या कोठारातून बाहेर पडली, हे ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही.

तथापि युगांडाच्या करामोजा भागातील अनुभव वेगळाच आहे. गुरे पाळणाऱ्या करामोजोंग जमातींकडील बंदुका काढून घेण्याची मोहीम सरकारने २००१ च्या अखेरीस सुरू केली. हजारो बंदुका जमा झाल्या. परंतु शेजारच्या तुर्काना व पोकोट टोळ्या सशस्त्रच राहिल्या आणि निःशस्त्र झालेल्यांची गुरे लुटली जाऊ लागली. संरक्षण द्यावयाचे वचन सरकारला पाळता आले नाही. तेव्हा लोकांनी पुन्हा शस्त्रे मिळवली, यात नवल ते काय? जेथे पोलीस ठाणे दूर आणि लुटारू जवळ, तेथे बंदूक ही चैन नसून गरज होऊन बसते. पुरवठा रोखताना मागणीचे मूळ कायम ठेवले, तर हाती येते ती केवळ भाववाढ, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको.

यशाचे उदाहरण नाही असे नाही. मोझांबिकमधील दीर्घ यादवी संपल्यानंतर जमिनीत पुरलेली शस्त्रे दक्षिण आफ्रिकेतील गुन्हेगारांच्या हाती पडू लागली. १९९५ पासून दोन्ही देशांच्या पोलिसांनी ‘ऑपरेशन रेचल’ या नावाने संयुक्त मोहिमा काढल्या, खबर देणाऱ्यांना मोबदला दिला आणि सापडलेली हजारो शस्त्रे शक्य तेथे जागच्या जागीच नष्ट केली. दक्षिण आफ्रिकेजवळ पैसा व तंत्रज्ञ होते, मोझांबिकजवळ स्थानिक माहिती होती आणि दोघांनाही लाभ दिसत होता. म्हणून काम झाले. मात्र त्याच दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली एका माजी पोलीस कर्नलला अठरा वर्षांची शिक्षा झाली. नष्ट करण्यासाठी पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे दोन हजार बंदुका त्याने केप टाउनच्या टोळ्यांना पोहोचतील अशा रीतीने विकल्या होत्या. कागदोपत्री नाहीशी झालेली बंदूक प्रत्यक्षात मुलांचे बळी घेत होती. कायदा कितीही कडक असो, कोठाराची किल्ली कोणाच्या हाती आहे आणि त्याची तपासणी कोण करतो, यावरच अखेर सारे अवलंबून राहते.

आपला प्रदेश

आफ्रिकेच्या अपयशांची चर्चा करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तेथे निदान प्रादेशिक करार आहेत. दक्षिण आशियात तोही नाही. ‘सार्क’ संघटनेने १९८७ साली दहशतवादविरोधी करार केला, पण लहान शस्त्रांसाठी स्वतंत्र करार कधी झाला नाही, आणि २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही.

या उणिवेची किंमत आपण मोजली आहे. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. ती बल्गेरियात खरेदी करताना अंतिम ग्राहक म्हणून बांगलादेशचे नाव असलेला दाखला वापरला गेला होता. हे विमान काही दिवसांनी मुंबईत उतरवले गेले, तोवर शस्त्रे खेड्यापाड्यांत पोहोचली होती. एप्रिल २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक भरतील इतकी शस्त्रे पकडली गेली, ती एका सरकारी खत कारखान्याच्या धक्क्यावर! आणि महाराष्ट्राला १९९३ कसे विसरता येईल? दिघी व शेखाडी येथील किनाऱ्यावर रायफली व स्फोटके उतरली, आणि १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे प्राणास मुकली. त्या खटल्यात कस्टम्स व पोलीस खात्यांतील काही जण दोषी ठरले. किनाऱ्यावर कायदा हजर होता. तो विकला गेला.

मणिपूरमध्ये तर करामोजाचीच पुनरावृत्ती दिसते. मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात सरकारी शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार शस्त्रे लुटली गेल्याचे वृत्त आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी ती परत करण्यासाठी मुदत दिली, तेव्हा सुमारे एक हजार शस्त्रे जमा झाली. डोंगरावरील व खोऱ्यातील समाजांना परस्परांचे भय वाटत असताना आपली बंदूक प्रथम कोण खाली ठेवील?

शस्त्रव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारावर २ एप्रिल २०१३ रोजी मतदान झाले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. निर्यातदार व आयातदार यांची बंधने असमान आहेत आणि दहशतवादी संघटनांबाबत तरतुदी दुबळ्या आहेत, हे भारताचे आक्षेप निराधार नव्हते. परंतु कराराबाहेर राहिल्याने घरचे काम कमी होत नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७ च्या अंदाजात भारतातील नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका धरल्या आहेत आणि नोंदलेल्या केवळ ९७ लाखांच्या आसपास. हा अंदाज निम्म्याने चुकीचा मानला तरी तफावत भयावह आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, ती योग्यच. पण परवाना घेणारा नागरिक हा या प्रश्नाचा लहानसा भाग आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या मागोवाविषयक दस्तऐवजात शस्त्रनिर्मितीच्या नोंदी किमान तीस वर्षे आणि इतर नोंदी किमान वीस वर्षे जपाव्यात, असे म्हटले आहे. हे काम अखेर कारकुनाचेच आहे, आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहते. राज्याराज्यांतील पोलीस कोठारांची दरवर्षी बाहेरच्या यंत्रणेकडून मोजणी व्हावी, जप्त शस्त्रे न्यायालयाचे काम संपताच साक्षीदारांसमोर नष्ट व्हावीत, आणि हरवलेल्या शस्त्रांचे आकडे विधिमंडळापुढे ठेवले जावेत, एवढे तरी कोणत्याही शेजाऱ्याच्या संमतीवाचून करता येईल. बांगलादेश व म्यानमार यांच्याशी सीमेपुरते पोलिसी सहकार्य हा त्यापुढचा टप्पा. मोझांबिकचा अनुभव त्यास आधार देतो. ज्या सरकारला स्वतःच्या कोठारातून गेलेल्या बंदुकांचे क्रमांक सांगता येत नाहीत, त्याने शेजाऱ्याकडे हिशेब मागावा तरी कोणत्या तोंडाने?