काटा कुठेही फिरवा!

गेल्या महिन्यात मी आमच्या शहरातल्या एका एफएम केंद्राला फोन केला. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने आयुष्यातली पहिली फर्माईश करावी, हा प्रसंग तसा हृद्यच. गजाननराव वाटव्यांचे एखादे भावगीत लावा, एवढेच माझे मागणे होते. पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, ते आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही हो."

मी फणफणत फोन ठेवला. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं काय चुकलं? तुम्ही तरी कुठल्या फॉरमॅटमध्ये बसता?"

घरचा आहेर मिळाल्यावर माणूस विचार करू लागतो. मीही केला. फॉरमॅट म्हणजे कोणती गाणी वाजवायची आणि कोणती चुकूनही वाजवायची नाहीत, याचा आधीच ठरलेला नियम. हे खूळ एफएमवाल्यांनी आणले, असा माझा समज होता. तो खोटा निघाला. खूळ जुनेच आहे, फक्त त्याचे पुजारी बदलले.

पहिला बळी पडली आपली पेटी. १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींत बसत नाहीत, वगैरे वगैरे. म्हणजे फॉरमॅटमध्ये बसत नाही! ज्या महाराष्ट्रात पेटीवाल्याशिवाय नाटकाचा पडदा वर जात नसे, तिथल्या रेडिओवरून पेटी हद्दपार. ही बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडावे लागले.

मग १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच, पुण्याचे. सिनेमातली गाणी हलकी, त्यांनी जनतेची अभिरुची बिघडते, असा त्यांचा सिद्धांत. आधी या गाण्यांचे रेशनिंग झाले, मग निर्मात्यांशी वाजले आणि गाणी आकाशवाणीवरून नाहीशीच झाली. जनतेने काय केले? जनतेने काटा फिरवला आणि सिलोन लावले. तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, तीही नेमकी १९५२ सालीच. आमचे वडील कट्टर केसकरपक्षीय. पण बुधवारी रात्री आठच्या ठोक्याला ते स्वतः उठून सेट चालू करीत. "जरा कोलंबोचं हवामान बघतो," म्हणत. कोलंबोचे हवामान त्या काळी नऊपर्यंत चाले, आणि ते लता मंगेशकर सांगत.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू केली आणि सिनेमाची गाणी सन्मानाने घरी परतली. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिरातीही आल्या.

केसकरांवर मी पुष्कळ वर्षे रागावलो होतो. हल्ली तो राग निवत चालला आहे. त्याचे कारण सांगतो. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५च्या रामनवमीला, पुणे केंद्राने गीतरामायण सुरू केले. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आठवड्याला एक नवे गाणे. वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकत. आमच्या शेजारच्या काकू तर पायांतल्या वहाणा दाराबाहेर काढून आमच्या सेटसमोर बसत.

आता हेच गीतरामायण आजच्या पद्धतीने पारखून बघू. हल्ली गाण्यांची परीक्षा अशी होते : काही माणसे गोळा करायची, त्यांना एकेका गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि 'आवडले', 'कंटाळा आला', 'माहीत नाही' यांपैकी एक खूण करायला सांगायची. ज्यांना चांगले गुण मिळतील ती काहीशे गाणी कॉम्प्युटरात भरायची आणि रहाटगाडग्यासारखी फिरवत ठेवायची. गीतरामायणाच्या पहिल्या गाण्याला काय गुण पडले असते? 'माहीत नाही!' कसे माहीत असणार? ते आज पहिल्यांदाच वाजते आहे! तेव्हा नापास. छप्पन्नच्या छप्पन्न नापास.

माझे भांडण आहे ते इथे. जे आधीच आवडले आहे तेच पुन्हा ऐकवायचे, हा या फॉरमॅटचा पाया. केसकरांना वाटे, ऐकणाऱ्याला शिकवले पाहिजे. त्यात आढ्यता होती, कबूल. पण हा माणूस काहीतरी शिकू शकेल, एवढा विश्वास तरी होता. आजच्या यंत्राला तेवढाही नाही. त्याच्या लेखी मी काल जिथे होतो तिथेच मरेपर्यंत राहणार.

एफएमवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. १९९३ साली मुंबईत आकाशवाणीने एफएमचे तास खासगी मंडळींना भाड्याने दिले, तेव्हा मीही उत्साहाने नवा सेट आणला. १९९८ साली ते बंद झाले. मग पूर्ण खासगी केंद्रे आली, २००१ साली बंगळूरला आणि २००२ साली मुंबईत. पण परवान्याची फी लिलावात ठरलेली, आणि वर दरसाल पंधरा टक्क्यांनी वाढणारी! गाणे वाजो न वाजो, फी वाढणारच. अशा वेळी प्रयोग कोण करील? २००५ साली सरकारने ही पद्धत बदलून उत्पन्नात वाटा घेण्याचे ठरवले, तोवर सवय जडून गेली होती.

शिवाय खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. गल्लीत काय घडले ते सांगायचे नाही, तर माणसाने बोलावे काय? मग तो ट्रॅफिक सांगतो आणि बायकोवरचे विनोद करतो. (हे विनोद आमच्या काळी दिवाळी अंकांत असत. तिथूनच गेलेले दिसतात.)

धंदा बसला की केंद्रे नाव बदलतात. मुंबईत २००२ साली 'गो ९२.५' सुरू झाले ते इंग्रजी गाण्यांचा थाट घेऊन. पुढे ते हिंदीकडे झुकले, मग नाव आणि आकडा दोन्ही बदलून 'रेडिओ वन ९४.३' झाले आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजीकडे वळले. १०४.८वर आधी बायकांसाठी म्हणून 'मिआँव' आले, तीन-चार वर्षांत त्याचे 'ओये' झाले आणि मग 'इश्क'. आधी मांजर, मग हाक, मग प्रेम. कोणी म्हणेल, ही प्रगतीच आहे. असेल. पण एवढ्या बारशांत मराठी गाण्याचा पाळणा कुणी हलवला? मुंबईच्या खासगी केंद्रांवर वर्षानुवर्षे हिंदी सिनेमाचेच राज्य. काटा कुठेही फिरवा, तेच गाणे तुमच्या आधी तिथे जाऊन बसलेले!

यावर आमचा नातू म्हणतो, "आजोबा, मोबाइलवर शोधा ना, सगळं आहे." आहे रे बाबा. पण शोधायला नाव माहीत असावे लागते. रेडिओची गंमत अशी, की ज्याचे नावही ठाऊक नाही असे गाणे भाजीला फोडणी घालता घालता कानावर पडते आणि जन्माचे सोबती होते. वाटवे मला कुणी शोधून दिले नव्हते. ते खिडकीतून आले.

आणि ही खिडकी कुणाची? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्वच्छ सांगितले आहे, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे त्यात माझाही वाटा आहे. वाटेकरी या नात्याने माझी मागणी किरकोळ आहे. प्रत्येक केंद्राने दिवसातून एक तास, माणसे जागी असताना, असे काही वाजवावे, की जे परीक्षेला बसलेलेच नाही. नवे मराठी गाणे, जुने विसरलेले गाणे, गावातल्या पोराने बसवलेली चाल. तेवीस तास खुशाल रहाट फिरवा.

हे सगळे सांगायला मी परवा पुन्हा फोन केला. जाणूनबुजून बुधवारी, रात्री आठला. तीच मुलगी. माझे भाषण तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, तुम्ही मागे म्हणाला होतात ना ते वाटवे, त्यांचं एक गाणं माझी आजी म्हणायची." आणि तिने चक्क दोन ओळी गुणगुणल्या. सूर पक्का होता.

"अगं, मग लाव की तेच!" मी ओरडलो.

"कुठून लावू? कॉम्प्युटरमध्ये नाहीये," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पुढच्या ओळी मलाही येत नाहीत."

मला येत होत्या. मी म्हणून दाखवल्या. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, गॅस बारीक करून. गाणे संपेपर्यंत पलीकडून कुणी फोन ठेवला नाही. त्या केंद्राच्या इतिहासात त्या बुधवारी एक मराठी भावगीत झाले, फक्त ते प्रक्षेपित मात्र झाले नाही.