सरकत्या पट्ट्यावरचा एकटा आवाज

जून १९७० मध्ये डायाना रॉस या गायिकेची पहिली स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या बाजारात आली. 'सुप्रीम्स' या तीन कृष्णवर्णीय तरुणींच्या गायनवृंदातून ती त्याच वर्षी, १४ जानेवारीला लास व्हेगासच्या फ्रंटियर हॉटेलात झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमानंतर, बाहेर पडली होती. तेव्हापासून आजतागायत बूर्झ्वा वृत्तपत्रे या घटनेची एकच कथा सांगत आली आहेत. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतील एक मुलगी, तिची जिद्द, तिची प्रतिभा, आणि सहकाऱ्यांना मागे टाकून केवळ स्वतःच्या बळावर तिने गाठलेले शिखर! या कथेतील मुलगी खरी, वस्ती खरी, प्रतिभाही खरी. 'केवळ स्वतःच्या बळावर' हे शब्द मात्र तपासून पाहिले पाहिजेत.

मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी हा एके काळी लिंकन-मर्क्युरीच्या मोटार कारखान्यात जुळणीच्या सरकत्या पट्ट्यावर काम करीत असे. १९५९ साली कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने आपला धंदा मांडला, आणि कारखान्यात पाहिलेली पद्धत गाण्याला लावली. हे कोणा टीकाकाराचे म्हणणे नाही, गॉर्डीने ते स्वतःच अभिमानाने सांगितले आहे. पट्ट्याच्या एका टोकाला वस्तीतला अनघड मुलगा किंवा मुलगी आत जाई आणि दुसऱ्या टोकाला झळझळीत तारा बाहेर पडे. मध्ये गीतकार होते, तळघरातल्या स्टुडिओत वाजवणारे वादक होते, उठण्याबसण्याची व बोलण्याची रीत शिकवणाऱ्या मॅक्सीन पॉवेल होत्या, नृत्याची पावले बसवणारे चॉली ॲटकिन्स होते. शुक्रवारी सकाळी तयार गाण्यांवर मतदान होई. त्या बैठकीला 'क्वालिटी कंट्रोल' हे मोटार कारखान्यातलेच नाव होते. करारपत्र कंपनीचे, गीतांचे हक्क कंपनीच्या प्रकाशनसंस्थेकडे, ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंताच्या वाट्यातून वजा, आणि कलावंताचा व्यवस्थापकही कंपनीनेच नेमलेला. मजुराच्या वतीने मालकाशी बोलणी करणारा माणूस मालकाच्याच पगारावर! १९४१ साली कामगार संघटनेला मान्यता द्यावी लागल्यानंतर अशी सोय खुद्द फोर्डलासुद्धा उरली नव्हती.

सुप्रीम्सचा वृंद उभा केला तो फ्लॉरेन्स बॅलर्डने. १९५९ मध्ये ब्रूस्टर या सरकारी चाळींच्या वस्तीतील मुलींना घेऊन तिने सुरुवात केली. १९६१ साली कंपनीशी करार करताना 'सुप्रीम्स' हे नावही यादीतून तिनेच निवडले. १९६४ ते १९६९ या काळात या वृंदाची बारा गीते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यांपैकी दहा गीते हॉलंड-डोझिअर-हॉलंड या त्रयीने रचलेली होती. पुढे हे तिघे रचनाकार पैशांच्या हिशेबावरून कंपनीबाहेर पडले आणि दोन्ही पक्ष न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले. बॅलर्डच्या नशिबी तेवढेही बळ नव्हते. १९६७ मध्ये वृंदाचे नाव बदलून 'डायाना रॉस आणि सुप्रीम्स' करण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत बॅलर्डला काढून टाकण्यात आले. तोच तो जुलै महिना, ज्यात डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत उठाव होऊन ४३ माणसे मृत्युमुखी पडली. फेब्रुवारी १९६८ मध्ये एकरकमी पैशांच्या बदल्यात तिने सर्व हक्क सोडले. आपण सुप्रीम्समध्ये गात होतो असे जाहिरातीत सांगण्याचीही तिला मुभा राहिली नाही. नाव तिने निवडले, मालकी कंपनीची झाली.

यावर मोटाउनचे भाट ठरलेला प्रश्न विचारतात: ज्याच्या आवाजाने माल खपतो त्याने पुढे येऊ नये काय? अवश्य यावे. रॉसच्या आवाजाला पर्याय नव्हता हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे. परंतु कोणाला पुढे आणायचे, केव्हा आणायचे, आणि मागे राहिलेल्यांना काय द्यायचे, हे सर्व निर्णय घेतले कोणी? १९६९ अखेर अव्वल क्रमांकावर गेलेले 'समडे वी विल बी टुगेदर' हे गीत 'डायाना रॉस आणि सुप्रीम्स' या नावाने विकले गेले. पुन्हा एकत्र येण्याच्या आशेचे हे गीत. त्यात मेरी विल्सन नाही आणि सिंडी बर्डसाँगही नाही. मागची साथ कंपनीने बोलावलेल्या अन्य गायिकांची आहे! ग्राहकाला तिघींच्या नावावर एकीचा आवाज विकला गेला. पुढल्या वर्षीच्या 'स्वतंत्र' ध्वनिमुद्रिकेत तोच व्यवहार उलट्या दिशेने झाला: एकीच्या नावावर अनेकांचे श्रम.

ही ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने निकोलस ॲशफर्ड आणि व्हॅलरी सिंप्सन या गीतकार जोडप्याची निर्मिती आहे. त्यांनी रचलेले आणि १९६७ मध्ये मार्विन गे व टॅमी टेरेल यांच्या आवाजात निघालेले 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' हे छोटे, चपळ युगुलगीत येथे सहा मिनिटांच्या भव्य रचनेत बदलले. रॉस बराच वेळ गात नाही, बोलते. मागून वृंदगान व तंतुवाद्यांची लाट चढत जाते, आणि मग शेवटी तिचा आवाज मोकळा सुटतो. हे उत्कृष्ट काम आहे. मालकाला ते प्रथम पसंत पडले नाही, पण रेडिओवाल्यांनी ते उचलून धरले आणि सप्टेंबर १९७० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. वाद्यमेळाची रचना पॉल रायझर यांची. तळघरातल्या वादकांची नावे मात्र मोटाउनच्या वेष्टनांवर छापतच नसत. ती प्रथम छापली गेली १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. एका दशकाहून अधिक काळ अमेरिकेला नाचवणारी माणसे तोवर निनावी होती.

डाव्या चळवळीतील काही मंडळी असले संगीत 'साम्राज्यवादी थिल्लरपणा' म्हणून एका फटक्यात निकालात काढतात. त्यांचा हा कडवेपणा वस्तुतः आळस आहे. मोटार कारखान्यात राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलामुलींनी, चर्चमधल्या गायनावर वाढलेल्या कंठांनी, अमेरिकेच्या रंगभेदी बाजाराला आपले गाणे ऐकायला लावले ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. गाणे फेकून देऊन मालकावर टीका करणे सोपे असते. गाणे ज्यांचे आहे त्यांच्याकडे त्याचा मोबदला का गेला नाही, हा प्रश्न अवघड आहे, आणि विचारायचा तर तोच विचारला पाहिजे.

बाजाराची सावधगिरीही पाहण्यासारखी आहे. त्याच उन्हाळ्यात व्हिएतनामविरोधी 'वॉर' हे मोटाउनचेच गीत पहिल्या क्रमांकावर होते. 'टेंप्टेशन्स' या लोकप्रिय वृंदाने ते आधीच गायले होते, पण त्यांच्या नावाला धक्का नको म्हणून कंपनीने ते एडविन स्टार या कमी प्रसिद्ध गायकाकडून पुन्हा गाऊन घेतले. जोखीम स्वस्त कामगाराने घ्यावी! रॉसच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र लास व्हेगासचे चमकते झगे उतरवून तिला साध्या, आखूड कपड्यांत, गल्लीतल्या पोरासारखी उभी केली गेली. ज्या दारिद्र्यातून सुटण्यासाठी ती पट्ट्यावर चढली होती, ते दारिद्र्यच आता वेष म्हणून विकाऊ झाले होते.

१९७२ मध्ये मोटाउनने आपले मुख्यालय लॉस एंजेलिसला हलवले. डेट्रॉइटचे वादक मागे राहिले. बासवादक जेम्स जेमर्सन १९८३ साली कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्याला गेला तो निमंत्रणाशिवाय, काळ्या बाजारातून तिकीट विकत घेऊन. त्याच वर्षी, वयाच्या ४७व्या वर्षी तो वारला. रॉसनेही १९८१ मध्ये मोटाउन सोडून दुसऱ्या कंपनीशी करार केला. १९८८ मध्ये गॉर्डीने ध्वनिमुद्रण कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकली.

फ्लॉरेन्स बॅलर्डनेही १९६८ मध्ये एबीसी या कंपनीसाठी आपली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका गायली होती. दोन सुटी गीते निघाली, ती चालली नाहीत, आणि कंपनीने उरलेले ध्वनिमुद्रण कपाटात ठेवून दिले. १९७१ मध्ये तिने मोटाउनविरुद्ध दावा लावला, तो फेटाळला गेला. घर गेले, सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी डेट्रॉइटमध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ती मरण पावली. तिची ध्वनिमुद्रिका बाजारात आली ती त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी.